बोट ठेवायला जागा

शर्टांच्या त्या कारखान्यात तिला सगळे बाणबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’. पाठ वळली की बाणबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

काम तपासणीचं. शिवून झालेला प्रत्येक शर्ट इस्त्रीला जाण्याआधी तिच्या टेबलावर यायचा. डोक्यावर पांढरा लख्ख दिवा, हाताशी पोलादी पट्टी, आणि नखाएवढ्या लाल कागदी बाणांचे ताव, मागून चिकट. शर्ट पसरायचा, उजव्या हाताचं पहिलं बोट शिवणीवरून फिरवत न्यायचं, आणि कुठे टाका सुटलेला, टीप वाकडी गेलेली, बटण काजाला न जुळणारं सापडलं की तिथे बाण लावायचा. टोक दोषाकडे. मग तो शर्ट डावीकडच्या टोपलीत, दुरुस्तीला. दोष नसला तर उजवीकडे. समोरच्या भिंतीवर मापांचा तक्ता होता. त्यात प्रत्येक मापापुढे ‘सूट’ नावाचा एक रकाना होता, म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा ते. कॉलरच्या दोन टोकांत दोन मिलिमीटर. बाहीच्या लांबीत पाच. तो तक्ता तिने शेवटचा कधी वाचला होता कोण जाणे. पट्टीसुद्धा ती क्वचित उचलायची. केसाएवढा फरक तिच्या बोटाला कळायचा आणि किती सोडून द्यायचं तेही बोटच ठरवायचं.

एखाद्या शर्टावर तिचं बोट कुठेच अडलं नाही, की ती म्हणायची, “बोट ठेवायला जागा नाही.” एकवीस वर्षांत तिने हे चार जणांना म्हटलं होतं. त्यातला एकजण निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या भाषणात त्याने तेवढंच सांगितलं आणि रडला.

चुकून लागलेला बाण ती फेकून द्यायची नाही. उचलून स्वेटरच्या डाव्या बाहीवर चिकटवायची, पुन्हा कामाला येईल म्हणून. ते बाण तिच्याबरोबर घरी यायचे. उशीवर, साबणावर, कपाच्या कानावर सापडायचे. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता आणि त्याला प्रत्येक गोष्टीत विनोद दिसायचा. एकदा टकलावर चिकटलेला बाण घेऊन तो दिवसभर डेपोत हिंडला. घरी येऊन म्हणाला, “अगं, सगळे मला विचारत होते, दोष आत आहे की बाहेर?”

“अहो, मग काढायचा की!”

“कशाला? तपासलेला माल आहे मी. आता एक पाठीवरही लाव, म्हणजे कुठे खाजवायचं ते तरी कळेल.”

ती हसायची. पण हसताहसता तिचं बोट टेबलक्लॉथच्या दुमडीवरून फिरत असायचं. ते बोट स्वस्थ बसायचंच नाही. कुणाच्या घरी गेली तर पडद्याची शिवण, चर्चमध्ये बसली तर पुढच्या बाकावरच्या माणसाची कॉलर. आणि कॉलरवरून माणसापर्यंत जायला वेळ लागत नाही. कोण उशिरा आलं, कोण गीत म्हणताना नुसतेच ओठ हलवतंय, कुणी मुलाला कसं वाढवलं, सगळ्यांना तिच्या मनात बाण लागलेले असायचे. टोक दोषाकडे.

तिच्या स्वतःत एकच ठिकाण असं होतं जिथे ती बोट नेत नसे.

दर रविवारी सगळी मंडळी मिळून प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणायची. तीत आपण दुसऱ्यांना क्षमा करतो असं देवाला सांगायची जी ओळ आहे, त्या ओळीशी आलं की तिला खोकला यायचा. छोटासा, रुमालात मावेल एवढा. ओळ संपली की घसा मोकळा. नवऱ्याने एकदा विचारलं होतं, “नेमका तिथेच कसा गं बसतो तुझा घसा?” ती रुमालाची घडी घालत राहिली होती, आणि त्याने, कधी नव्हे ते, विनोद केला नव्हता.

कारण त्यालाही माहीत होतं. धाकटी.

धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण, नऊ वर्षांनी लहान. आई अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटी आईपाशी राहत होती. पहिलं दीड वर्ष तिनेच काढलं. मग एका सकाळी तिने आईचे केस धुतले, चादरी वाळत घातल्या, आणि “काळा दोरा संपलाय, आणते,” असं सांगून ती घराबाहेर पडली, ती परत आलीच नाही. दोन दिवसांनी कुठूनतरी निरोप आला की बरी आहे, काम मिळालंय, काळजी करू नका.

थोरलीने आईचं अंथरूण आपल्या घरी हलवलं. अडीच वर्षं. कारखान्यात जाण्याआधी आईला पुसून घ्यायचं, कूस बदलायची, दुपारी शेजारणीला बघायला सांगायचं, संध्याकाळी पुन्हा सगळं. आणि आई दाराकडे बघून विचारायची, “दोरा आणायला गेलीय ना? येईल.” हे ती इतक्या सहज म्हणायची की दुकान जणू कोपऱ्यावरच होतं. आई गेली तेव्हाही धाकटी नव्हती. मूठमाती देऊन तीन आठवडे झाल्यावर तिला कळलं.

आई जाऊन आता साडेचार वर्षं झाली होती. आणि तीन महिन्यांपूर्वी, एका सोमवारी, कॉलरच्या लाइनवर नवी माणसं घेतली त्यांत बेचाळीस नंबरच्या मशीनवर धाकटी बसलेली होती. केसांत पांढरं डोकावत होतं, मनगटं बारीक झाली होती.

“आलीस?” थोरली म्हणाली.

“आले, ताई.”

एवढंच. मागे मशीनं घरघरत होती, म्हणून बरं.

पुढे तीन महिने ती मशीनं दोघींच्या मधून तशीच घरघरत राहिली. धाकटीने दोन गल्ल्या सोडून एक खोली घेतली. रविवारी चर्चमध्ये यायची, मागच्या बाकावर बसायची आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जायची.

त्या रविवारी मात्र तिला उशीर झाला आणि मागे जागा उरली नाही. पाळकसाहेबांनी हात करून तिला पुढे बसवलं, नेमकं थोरलीच्या पुढच्या बाकावर. पांढरा शर्ट, स्वतःच शिवलेला. थोरलीचं बोट मांडीवर वळवळायला लागलं. कॉलर चांगली होती. तिला ते आवडलं नाही.

मग पाळकसाहेब म्हणाले, “एकमेकांना शांती द्या,” आणि सगळे उठून आजूबाजूच्यांचे हात हातात घ्यायला लागले. धाकटी वळली. दोन्ही हात पुढे केले. आसपासची चार डोकी मुद्दाम दुसरीकडे बघायला लागली, जसं फक्त फार लक्ष देऊन बघणारी माणसं करतात. थोरलीने हात घेतले नाहीत. घेववेनात. पण सगळ्यांदेखत तसंच उभं राहणंही बरं दिसेना, म्हणून तिने डावा हात धाकटीच्या खांद्यामागे टेकवला, थापटल्यासारखं केलं, आणि बसली.

थोड्या वेळाने प्रभुभोजनासाठी ओळीने सगळे पुढे निघाले. धाकटी तिच्या आधी उठली. आणि थोरलीला दिसलं. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, नखाएवढा लाल बाण.

तो बाहीवरून निघून तिथे बसला होता. शनिवारी अर्धा दिवस काम होतं, स्वेटर तोच होता. पण हे तिचं तिलाच माहीत. मंडळीतली निम्मी माणसं कारखान्यातली होती. बाण म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागणार नव्हतं. धाकटी मधल्या वाटेने हळूहळू पुढे गेली, गुडघे टेकले, मान खाली घातली, आणि तो बाण सगळ्या बाकांकडे तोंड करून तिच्या पाठीवर बसून राहिला. कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी ‘शू’ केलं. ते ‘शू’ जास्त लागलं.

बाहेर पायऱ्यांवर इस्त्रीवाल्या मावशीने तो काढला. मावशीची जीभ तिच्या इस्त्रीपेक्षा तापट होती. “हे घे गं,” ती धाकटीला म्हणाली, “बहिणीची भेट.”

धाकटीने तो तळहातावर घेऊन पाहिला. मग वर थोरलीकडे पाहिलं. रागाने नाही, एखादं पत्र आपल्यालाच आहे ना, याची खात्री करावी तसं. आणि बाण पर्समध्ये ठेवून ती निघून गेली.

घरी पोचेपर्यंत थोरली एकच वाक्य बोलत होती. “मी मुद्दाम नाही केलं.”

“मी कुठे काय म्हटलं?” नवरा म्हणाला.

“चेहऱ्याने म्हणताय.”

तो बूट काढत होता. एक काढला आणि दुसरा काढायचा विसरून बसला. “मुद्दाम नाही केलंस. मला माहीत आहे. पण बाण तुझाच होता ना.”

त्या आठवड्यात तिचा कशातच जीव लागेना. खिडकी उघडायची, बंद करायची. धुतलेले कप पुन्हा धुवायची. मंगळवारी काम सुटल्यावर ती पाळकसाहेबांकडे गेली. ते चर्चमध्ये एका बाकाचा डुगडुगता पाय बसवत होते, तोंडात दोन खिळे. तिने बाण बाहीवरून कसा निघाला ते सगळं सांगितलं, अगदी डिंकाच्या जातीसकट.

पाळकसाहेबांनी खिळे तोंडातून काढले. “मला कशाला सांगताय, बाई? मला थोडाच लागलाय तो?”

“लोक म्हणतात, मी तिला क्षमा केली नाही.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

ती उभ्याउभ्या दुसऱ्या बाकाच्या फळीवरून बोट फिरवत होती. “क्षमा करायची म्हणजे तिने जे केलं ते चाललं, असं म्हणायचं का? नाही चाललं ते. आई दाराकडे बघत गेली.”

“चाललं असतं तर क्षमा कशाला लागली असती? नुसता चहा पुरला असता.” त्यांनी बाक हलवून पाहिला, अजून डुगडुगत होता. “न्याय करायला एकजण बसलाय, बाई. त्याची खुर्ची तुम्ही साडेचार वर्षं अडवून ठेवलीय, आणि वर म्हणता पाठ दुखते. उठा की.”

“तुम्हाला बोलायला सोपं आहे.”

“सोपं नाही,” ते म्हणाले, आणि पुन्हा खाली वाकले. “म्हणून तर मी बाक दुरुस्त करत बसलोय.”

ती हसली नाही. रागाच्या भरात निघून आली.

गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, सुपरवायझर तिच्या टेबलाशी आला. वयाने तिच्याहून पुष्कळ लहान, कानामागे पेन्सिल. “बाई, बेचाळीस नंबरचे अकरा झाले.”

तिला कळायला एक क्षण लागला. नव्या कारागिराचे पहिले तीन महिने कच्चे. शेवटच्या आठवड्यात दहापेक्षा जास्त बाण लागले तर त्याला पक्कं करत नाहीत. धाकटीचा हा शेवटचा आठवडा होता.

“अकरा?” ती म्हणाली.

“तुमचेच आहेत. शनिवारी सांगून टाकतो तिला. सोमवारपासून दुसरं माणूस बघायला हवं.” मग जरा घुटमळून, “वाईट वाटतं हो. बहीण ना तुमची?”

“कामात बहीण कसली?” ती म्हणाली. हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते तिला फार सरळ वाटलं. बोट ठेवायला जागा नव्हती त्यात.

सगळे जेवायला गेले. मशीनं एकेक करून थांबली आणि हॉलमध्ये अशी शांतता पसरली की दिव्याची गुणगुण ऐकू यायला लागली. तिला डबा उघडवेना. एकवीस वर्षांत आपण एकही खोटा बाण लावला नाही, हे तिला कुणालातरी सांगावंसं वाटत होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं. म्हणून तिने डावीकडची टोपली ओढली, कॉलरमधल्या चिठ्ठ्या बघून बेचाळीस नंबरचे अकरा शर्ट वेगळे काढले आणि पट्टी उचलली. स्वतःलाच दाखवायला.

पहिल्या कॉलरची दोन टोकं. फरक तीन मिलिमीटर. बरोबर. दुसरी. चार. बरोबर. तिसरी, दीड.

तिने पट्टी पुन्हा लावली. दीडच होतं. तक्त्याकडे पाहिलं: सूट, दोन. चौथी, एक. पाचवी, दोनाच्या आत. ती भराभर मोजायला लागली, जसं माणूस वाईट बातमीचं पत्र शेवटापर्यंत एका दमात वाचतं. अकरातले सात बाण सुटीच्या आतले होते. फरक होता; तिच्या बोटाने तो खोटा सांगितला नव्हता. फक्त दुसऱ्या कुणाचा असता तर ते बोट त्यावरून पुढे सरकलं असतं, आणि इथे थांबलं होतं. सात वेळा. रविवारनंतरच्या चार दिवसांत.

इस्त्रीवाली मावशी हात पुसत आली. पसरलेले शर्ट पाहिले, पट्टी पाहिली. तिला सांगावं लागलं नाही. “सख्ख्या बहिणीलाच सूट नाही होय?” ती म्हणाली, आणि जीभ तापलेली नव्हती म्हणून जास्त भाजलं.

शुक्रवारी काम सुटल्यावर ती धाकटीच्या खोलीवर गेली. जाताना वाक्य तयार केलं होतं. ‘मी तुला क्षमा केली आहे.’ पाच शब्द, सरळ टीप. जिना चढताना ते दोनदा म्हणून पाहिलं.

दार धाकटीने उघडलं. खोली एवढीशी. पलंग, एक खुर्ची, खिडकीशी जुनं पायाचं मशीन. पलंगावर बॅग उघडी होती आणि अर्धी भरलेली.

“तुला कळलं वाटतं,” थोरली म्हणाली.

“अकरा मोजता येतात मला. बस ना. खुर्ची घे, पलंग करकरतो.”

ती बसली नाही. भिंतीवरच्या आरशाच्या कडेला नखाएवढा लाल बाण चिकटवलेला होता. “फेकला नाहीस तो?”

“तुझं काहीतरी घरात असावं म्हटलं.”

“तो मुद्दाम नव्हता लावला. बाहीवरून—”

“माहीत आहे.”

“कसं माहीत आहे?”

“मुद्दाम लावला असतास तर टोक नीट धरलं असतंस. तिरका होता, ताई. तू तिरका बाण लावशील?” धाकटी हसली आणि बॅगेत कपडे कोंबायला वळली.

थोरलीने घसा साफ केला. आता, असं तिने मनाशी म्हटलं. “मी तुला सांगायला आले होते की मी तुला क्षमा—” आणि खोकला आला. रविवारचा, रुमालाएवढा. तो थांबेना. धाकटीने पाणी आणून दिलं, पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

“आईसारखी खोकतेस,” ती म्हणाली.

पाण्याचा पेला थोरलीच्या हातात राहिला.

“आईच्या शेवटच्या हिवाळ्यात तीनदा फोन केला होता मी,” धाकटी म्हणाली. आवाज चढवून नाही. शर्टाची घडी घालत होती. “तिन्ही वेळा तू म्हणालीस, आई झोपलीय. तिन्ही वेळा मागे खोकत होती ती. एकदा तर ‘कोण आहे?’ असं विचारलंही तिने.”

तिचं बोट जिकडे जात नसे ते हेच ठिकाण होतं. खोलीत कुठे बघावं ते थोरलीला कळेना. “तू ऐकलंस?”

“फोन कानालाच होता.”

“मग बोलली का नाहीस? साडेचार वर्षं? मी अख्ख्या जगाला सांगत हिंडले की तू... मग तू का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार? तू तिला रोज उचलून बसवत होतीस. मी नव्हते. ज्या बाईने आईची पाठ धुतली तिच्यावर मी काय बोट ठेवणार?” ती थांबली. “राग आला होता. खूप आला होता. वर्षभर रोज तुझ्याशी मनातल्या मनात भांडायचे, आणि जिंकायचेसुद्धा. मग कंटाळा आला जिंकायचा. एका रविवारी प्रार्थनेत ती ओळ आली आणि म्हटलं, आज खरी म्हणून बघू.”

थोरली खुर्चीवर बसली. “तुझं नाव निघालं की तिचा चेहरा फुलायचा,” ती म्हणाली. “मी दिवसभर राबून घरी यायचे आणि ती दाराकडे बघायची, माझ्या मागे तू आहेस का म्हणून. तुझा आवाज ऐकला असता तर किती खूश झाली असती. म्हणून नाही दिला फोन. बाकी काही कारण नव्हतं.”

मशीनच्या खणातून धाकटीने काहीतरी काढलं आणि थोरलीसमोर धरलं. काळ्या दोऱ्याचं रीळ. वरचा कागदही निघालेला नव्हता, फक्त पिवळा पडला होता.

“त्या दिवशी घेतला होता,” ती म्हणाली. “खरंच घेतला होता, ताई. दुकानातून बाहेर आले आणि समोर बस उभी होती. दोरा हातातच होता. मी पळाले ते पळालेच. त्याला कारण नाही माझ्याकडे. दमले होते, पण दमतं कोण नाही? तू नाही दमलीस?”

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. थोरलीच्या मनात पाच शब्दांचं वाक्य अजून तसंच घडी घालून ठेवलेलं होतं, आणि आता ते कुठल्याच अंगाला बसत नव्हतं. आई दाराकडे बघत गेली, हे खरंच होतं. ते चाललं नव्हतं. आजही चालत नव्हतं. पण त्या दारात धाकटी नसण्याची अडीच वर्षं आणि फोनवर आई नसण्याच्या तीन वेळा यांतलं लांब काय नि आखूड काय, हे ठरवायला पट्टी लागणार होती, आणि पट्टी धरायला तिचा हात उठेना.

“दे तो,” ती म्हणाली.

“काय?”

“दोरा. काळा संपलाय माझ्याकडचा.” आणि आवाज फुटला. “किती वेळ लावतात गं दोरा आणायला!”

धाकटी मटकन पलंगावर बसली आणि पलंग असा करकरला की रडतारडता दोघींना हसू आलं.

“मला माफ कर,” थोरली म्हणाली. तयार केलेलं वाक्य नव्हतं ते. फोनचं म्हणून म्हणाली; मग, “आणि या आठवड्याचंही.” ते कशाबद्दल, हे धाकटीने विचारलं नाही.

जिना उतरताना थोरली अर्ध्यात थांबली आणि वर बघून ओरडली, “बॅग भरू नकोस इतक्यात!”

शनिवारी घंटा व्हायच्या आत ती कारखान्यात होती. टोपलीतून बेचाळीस नंबरचे अकरा शर्ट काढले. सातांवरचे बाण नखाने उचलले आणि, सवयीचा हात, एकेक करून डाव्या बाहीवर चिकटवले. मग पट्टी आणि शर्ट घेऊन लाइनींच्या मधल्या वाटेने सुपरवायझरच्या टेबलाकडे निघाली. दोन्ही बाजूंना लोक मशीनवरची झाकणं काढत होते. बाहीवर सात लाल बाण, कोपरापासून खांद्यापर्यंत. इस्त्रीवाल्या मावशीने मान वळवून बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

“यातले सात चुकलेत,” थोरली सुपरवायझरला म्हणाली. “सुटीच्या आतले आहेत. मोजून बघा.”

“कुणाचे चुकले?”

“माझे.”

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि काय करायचं ते न सुचून पुन्हा ठेवली. “बाई, मग हे तपासणीची चूक म्हणून तुमच्या नावावर लिहावं लागेल. एकवीस वर्षांत पहिलीच.”

“पहिलीच सापडलेली,” ती म्हणाली. “लिहा. आणि का चुकले ते विचाराल तर तेही सांगते.”

त्याने विचारलं नाही. तीन कॉलरी मोजल्या, उरलेल्या मोजायचं सोडून दिलं. “म्हणजे चारच उरले. मग पक्की झाली की ती.”

“चार तिचेच आहेत. ते तसेच राहू द्या.”

बेचाळीस नंबरच्या मशीनपाशी तिने ते चार शर्ट ठेवले. धाकटी आलेली होती. बॅग नव्हती बरोबर. तिने बाण पाहिले, टोकं पाहिली. “हे खरेच आहेत,” ती म्हणाली. “उसवते.” मग वर बघून, “ताई, बाही बघ तुझी. काय अवतार केलायस!”

थोरलीने मान वाकवून पाहिलं. सात बाण, घाईत कसेही लागलेले. बरीचशी टोकं वर, तिच्याकडे. तिने झटकायला हात नेला आणि घंटा झाली, मशीनं सुरू झाली, टेबलावर शर्ट येऊन पडायला लागले होते. ती तशीच जागेवर गेली.

दुपारपर्यंत बेचाळीस नंबरची पहिली कॉलर दिव्याखाली आली. बोट टोकावरून फिरलं आणि थबकलं. दीड असावं. तिने तक्त्याकडे पाहिलं, शर्ट उचलला, उजवीकडे ठेवला. बोट मात्र शांत झालं नाही. हातातून काहीतरी निसटल्यासारखं ते टेबलाच्या कडेवर आपटत राहिलं. उद्या रविवार. ती ओळ येणार होती. घसा साथ देईल की नाही हे तिला अजून सांगता येत नव्हतं. पण पुढच्या बाकावर आपली नि धाकटीची अशा दोन जागा धरून ठेवायला नवऱ्याला सांगायचं, एवढं तिने शर्ट पसरतापसरता ठरवलं, आणि एक तिसरीही, मावशीसाठी.